यंदाच्या बेसबॉल हंगामात काय बघावं? सुरुवात कॅचरपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आयुष्यभर क्रिकेट पाहिलं. लेक नोकरीसाठी सिॲटलला गेली आणि तिथल्या मरिनर्स संघाची पक्की चाहती झाली. मार्चअखेर मेजर लीग बेसबॉलचा २०२६चा हंगाम सुरू होतोय. फोनवर तिच्याशी या खेळाबद्दल धड बोलता यावं, तर यंदा नेमकं काय बघू?

मी पुण्यात असताना क्लब क्रिकेटला पंचगिरी करायचो. गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत शाळकरी मुलांच्या आणि हौशी संघांच्या बेसबॉल सामन्यांत होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या पायाशी असलेल्या पाटीमागे, उभा राहतो. त्यामुळे माझं उत्तर पंचाच्या जागेवरून आहे. तिथून दिसतं ते असं, की या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठला संघ जिंकतो ही नाहीच. एक न दिसणारी चौकट आहे, आणि तिच्यावर हुकूम कोणाचा चालणार, ही खरी गोष्ट आहे.

मेजर लीगच्या दोन गटांपैकी जुनी नॅशनल लीग (दुसरी अमेरिकन लीग) १८७६ साली सुरू झाली, म्हणजे यंदा १५० वर्षं होतात. या सगळ्या काळात स्ट्राइक की बॉल, म्हणजे चेंडू त्या चौकटीतून गेला की बाहेरून, हा निर्णय प्लेटमागच्या अंपायरचा आणि तो अखेरचा. त्यावर हुज्जत घातली तर नियमानेच मैदानाबाहेर काढता येतं, आणि आजही ज्यांना बाहेर काढलं जातं त्यांतल्या निम्म्याहून अधिक प्रसंगांचं मूळ याच भांडणात असतं. यंदा पहिल्यांदाच मेजर लीगच्या खऱ्या सामन्यांत या निर्णयाला आव्हान देता येणार आहे. या पद्धतीचं नाव एबीएस, म्हणजे ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक. कॅमेरे हॉक-आयचे, म्हणजे आपल्या डीआरएसमुळे तुमच्या ओळखीचेच.

चौकट समजून घ्या, बाकी आपोआप कळेल. होम प्लेट १७ इंच रुंद असते. बॅटरने न मारलेला चेंडू प्लेटवरून, साधारण गुडघ्यापासून छातीखालपर्यंतच्या उंचीतून गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरचे तीन थांबे म्हणजे बेस, त्यांना वळसा घालून परत होम प्लेटला आलं की धाव). सामन्यात दोन्ही संघ मिळून तीनशेच्या आसपास चेंडू टाकतात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांना बॅटर बॅट लावतच नाही. म्हणजे एका सामन्यात दीडशेच्या घरात निर्णय अंपायरने एकट्याने द्यायचे. पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, साडेसाठ फुटांवरून टाकतो, वेगवान चेंडू ०.४ सेकंदात येऊन पोचतो. मेजर लीगचे अंपायर शंभरातले सुमारे ९२-९३ निर्णय बरोबर देतात. हे मी मनापासून थक्क होऊन सांगतो, कारण मी स्वतः त्या जागी उभा राहतो. पण उरलेले सात धरले तर प्रत्येक सामन्यात दहाएक चुका राहतातच, आणि त्यातली एखादी नको त्या वेळी होते.

माझी एक अजून आठवते. चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना, शेवटचा डाव, दोन बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), तीन बॉल-दोन स्ट्राइक. चेंडू खाली आला, कॅचरने (म्हणजे इथल्या विकेटकीपरने) झेलता झेलता हातमोजा अलगद वर आणला आणि मी हात उंचावला. बॅट खांद्यावर ठेवून उभा असलेला मुलगा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. घरी जाताना गाडीत मला कळलं की चेंडू गुडघ्याखाली होता. मी चेंडू पाहिलाच नव्हता, हातमोजा पाहिला होता.

हातमोज्याच्या या कारागिरीला फ्रेमिंग म्हणतात. चौकटीच्या काठावरचा चेंडू असा झेलायचा की अंपायरला तो आतच दिसावा. बेसबॉलच्या व्यवहारात याला गेल्या पंधराएक वर्षांत फार मोल आलं. बॅटिंग बेताची असलेले कॅचर केवळ या हातांवर संघात टिकले. आज यातला सर्वांत वाकबगार म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पॅट्रिक बेली. आणि योग असा, की हंगामाचा पहिला सामना त्याच्याच घरच्या मैदानावर आहे: बुधवार, २५ मार्चची संध्याकाळ, जायंट्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची पहाट असेल. समोर बॅटिंगला ॲरन जज, गेल्या हंगामात ५३ होमरन (म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट सीमेपार फटके) मारून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. उंची सहा फूट सात इंच. वर्षानुवर्षं या माणसाला गुडघ्याखालचे चेंडू स्ट्राइक दिले गेले, कारण इतक्या उंच बॅटरचा गुडघा कुठे आहे याचा अंदाज प्लेटमागे वाकलेल्या डोळ्यांना चटकन येत नाही.

यंत्र हे गणिताने सोडवतं. चौकटीची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. बॅटर कसाही वाकून उभा राहिला तरी चौकट हलत नाही. नोंदीतली उंची धरली तर जजची चौकट जमिनीपासून सुमारे २१ इंचांवर सुरू होते आणि ४२ इंचांवर संपते. ह्यूस्टनचा होजे अल्टुवे पाच फूट सहा इंचांचा. त्याची साधारण १८ ते ३५. म्हणजे १९ इंचांवरून गेलेला तोच चेंडू अल्टुवेला स्ट्राइक आणि जजला बॉल. टीव्हीवर हे आकडे डोक्यात ठेवून बघा, वेगळीच मजा येते.

आता डीआरएसशी फरक, कारण तुमच्या मनात तोच पहिला येईल. प्रत्येक संघाला सामन्याच्या सुरुवातीला दोन चॅलेंज मिळतात. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर जातं. नऊ डावांत बरोबरी राहून जादा डाव सुरू झाले आणि हाती एकही नसेल, तर त्या डावापुरतं एक मिळतं. इथवर ओळखीचं आहे. पण चॅलेंज फक्त तिघांनाच करता येतं: बॅटर, पिचर आणि कॅचर. टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारायची, तीही लगेच. पंधरा सेकंद सहकाऱ्यांशी खल नाही, बाकावरून खूण नाही, मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) अधिकारच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे 'अंपायर्स कॉल' नाही. चेंडूचा कुठलाही भाग चौकटीला निसटता शिवला तरी स्ट्राइक. पायचीतच्या निर्णयात अर्ध्याहून कमी चेंडू यष्टीला लागत असेल तर पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. इथे अंपायरला ती सवलत नाही. पंच म्हणून मला हे कठोर वाटतं, पण स्वच्छही वाटतं.

एक बारकावा समालोचक घाईत सांगतील, तो आधीच सांगून ठेवतो. नियमपुस्तकातली चौकट ही प्लेटच्या पूर्ण खोलीभर पसरलेली पेटी आहे. यंत्र मात्र प्लेटच्या बरोबर मध्यावर उभी केलेली एक सपाट चौकटच मोजतं. त्यामुळे मोठा वळणारा कर्व्ह जर पुढच्या कडेला चौकटीत असेल आणि मध्यापर्यंत खाली पडला असेल, तर पुस्तकाप्रमाणे तो स्ट्राइक, यंत्राप्रमाणे बॉल. असे चेंडू टाकणाऱ्या पिचरांना यंदा जपून राहावं लागेल.

कोरियाच्या लीगमध्ये २०२४पासून प्रत्येक चेंडू यंत्रच ठरवतं, अंपायर कानातला निकाल फक्त उच्चारतो. अमेरिकेने तो मार्ग घेतला नाही, याचं मला समाधान आहे. इथे निर्णय माणसाचाच, दाद मागायला यंत्र. आणि त्यामुळे फ्रेमिंग मरत नाही. तिची किंमत बदलते. दोन चॅलेंज संपवून बसलेल्या संघासमोर बेलीचे हात पुन्हा पूर्वीइतकेच घातक होतात.

मग दाद मागावी कोणी? २०२५च्या सराव सामन्यांत हे करून पाहिलं तेव्हा निम्म्याहून थोडी जास्त आव्हानं बरोबर ठरली. कॅचर सर्वांत पुढे, पिचर सर्वांत मागे. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. पिचरचं शरीर चेंडू सोडल्यावर एका अंगाला कलंडलेलं असतं, आणि स्वतःचा प्रत्येक चेंडू त्याला चांगलाच वाटतो. बॅटर रागाच्या भरात असतो. कॅचर मात्र चेंडूच्या रेषेतच बसलेला असतो, अंपायरच्या पुढे हातभर. माझा अंदाज असा की हुशार संघ पिचरला चॅलेंज जवळपास बंदच करतील, बॅटरला निवडक वेळी मुभा देतील, आणि बचावाच्या वेळी सगळा भार कॅचरवर टाकतील. पहिल्याच डावात, एकही रनर नसताना, पहिल्या चेंडूवर चॅलेंज उधळणारा संघ दिसला तर तो अजून शिकतोय असं समजा. एक बॉल-एक स्ट्राइक असताना काठावर पडलेला चेंडू, किंवा तिन्ही बेस भरलेले असताना तीन-दोनचा चेंडू, तिथे खरी किंमत आहे.

इथून तुमच्या लेकीच्या संघाकडे येऊ. मरिनर्सचा कॅचर कॅल रॅली याने गेल्या हंगामात ६० होमरन मारले. मेजर लीगच्या इतिहासात मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्याने एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४चा जुना विक्रमही त्याने ओलांडला. कॅचरचं काम म्हणजे सामनाभर उकिडवं बसणं, शंभरदा उठबस, मारलेल्या चेंडूचे फटके अंगावर घेणं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पाचही दिवस विकेटकीपिंग करून मालिकेत सर्वाधिक षटकार. यंदा त्याच्यावर चॅलेंजचाही भार आला: झेल, पारख, आणि लगेच हेल्मेटवर थाप.

मरिनर्सची व्यथाही लेकीकडून ऐकली असेल. १९७७पासून खेळतात आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, कधीच न पोचलेला तीस संघांतला हा एकमेव संघ. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते इतके जवळ आले की आठवलं तरी जीव हळहळतो. डेट्रॉइटला १५ डावांच्या सामन्यात हरवून पुढे गेले. मग टोरंटोविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात ३-१ अशी आघाडी होती. सातव्या डावात जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला आणि सामना ४-३ गेला. त्या रात्रीबद्दल लेकीला विचाराल तर जपून विचारा. संघ यंदाही तगडा आहे, बॅटर जॉश नेलर परत आलाय, पिचिंग भक्कम आहे. अमेरिकन लीगमध्ये माझी पहिली पसंती त्यांनाच.

आता लॉस एंजेलिस डॉजर्स. ते २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोनदा जिंकले. सलग तीन विजेतेपदं याआधी १९९८ ते २००० या काळात यँकीजनी मिळवली, त्यानंतर कोणीच नाही. म्हणून यंदा सगळ्यांच्या तोंडी हीच चर्चा असेल. गेल्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना वेळ काढून बघाच. टोरंटोत, ११ डाव, ५-४. नवव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना विजयाची धाव घ्यायला निघालेला टोरंटोचा रनर प्लेटवर वितभर अंतराने बाद झाला. कॅचर विल स्मिथचा पाय क्षणभर प्लेटवरून उचलला गेला होता आणि अगदी वेळेत परत टेकला. त्याच स्मिथने अकराव्या डावात होमरन मारून सामना जिंकून दिला. त्या एका मालिकेत तो ७३ डाव प्लेटमागे बसला, हा विक्रम आहे. जपानी पिचर योशिनोबु यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यातही येऊन तो संपवला. असं आजकाल कोणी करत नाही, कोणी करू देत नाही. त्याच्या हाताला त्याची किंमत मोजावी लागते का, हे मी यंदा काळजीने बघणार आहे.

शोहेई ओतानीबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. चार वेळा सर्वोत्तम खेळाडू, प्रत्येक वेळी एकमताने. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या जूनमध्ये तो पुन्हा पिचिंग करू लागला, आणि ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्यात दहा जणांना स्ट्राइकआउट करून वर तीन होमरन मारले. मी इतकी वर्षं हा खेळ जवळून बघतोय, तसा दिवस दुसरा पाहिला नाही.

पण डॉजर्सचं नाव घेतलं की पैशाची गोष्ट येतेच, आणि तीच या हंगामावरची सावली आहे. आयपीएलमध्ये लिलावाला प्रत्येक संघाकडे १२५ कोटी रुपयांची मर्यादा असते, त्यापुढे जाता येत नाही. मेजर लीगमध्ये अशी मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर कर भरा. यंदा ती रक्कम २४ कोटी ४० लाख डॉलर आहे. डॉजर्सनी २०२५साठी नुसता करच सुमारे १७ कोटी डॉलर भरला, काही संघांच्या वर्षभराच्या एकूण पगारांहून जास्त. त्यावर यंदाच्या हिवाळ्यात बॅटर काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर आणि शेवटच्या डावाचा पिचर एडविन डियास यालाही घेतलं. मालक मंडळी पगारावर पक्की कमाल मर्यादा मागतायत, खेळाडूंची संघटना तिला पिढ्यान् पिढ्या विरोध करत आलीय. दोघांमधला करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. मागच्या वेळी करार संपला तेव्हा मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं होतं. १९९४मध्ये संप झाला तेव्हा तर वर्ल्ड सिरीजच रद्द झाली.

माझं मत विचाराल तर कमाल मर्यादेइतकीच किमान मर्यादा गरजेची आहे. जो मालक खर्चच करत नाही, त्याच्या गावातल्या लहान मुलांनी कोणाकडे बघायचं? पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स घ्या. गेल्या वर्षी दर नऊ डावांमागे त्याने जेमतेम १.९७ धावा दिल्या, नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर एकमताने ठरला, आणि त्याच्या नावावर विजय दहा, पराभवही दहा. बॅटिंगने त्याला धावाच करून दिल्या नाहीत. यंदा संघाने थोडा हात सैल सोडलाय. स्कीन्स टाकणार असेल तो सामना चुकवू नका. पायरेट्सशी आपलं एक नातंही आहे: २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी त्यांनी करार केला, अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेलेले ते पहिले भारतीय. (हा रिंकू सिंग आपला क्रिकेटवाला नव्हे.)

बाकीचं भराभर सांगतो. जपानमध्ये २०२२ला ५६ होमरन मारणारा मुनेताका मुराकामी शिकागो व्हाइट सॉक्सकडे आलाय. वेगवान चेंडूंवर तो किती चुकतो त्यावर सगळं ठरेल. काझुमा ओकामोतो टोरंटोकडे गेला. मेट्सनी पीट अलोन्सोला बाल्टिमोरला जाऊ दिलं, हे न्यूयॉर्कमधल्या माझ्या ओळखीच्यांना अजून पचलेलं नाही. जायंट्सचे नवे मॅनेजर टोनी व्हिटेलो थेट कॉलेजच्या संघाकडून आलेत, व्यावसायिक बेसबॉलचा अनुभव शून्य. पहिल्याच रात्री त्यांची परीक्षा. टॅम्पा बेचा संघ वादळात छप्पर उडालेल्या आपल्या जुन्या मैदानात परत चाललाय. डेट्रॉइटचा तारिक स्कूबल सलग दोनदा सर्वोत्तम पिचर ठरला आणि हंगाम संपताच करारातून मोकळा होतो, त्यामुळे जुलैमध्ये डेट्रॉइट त्याला विकणार का, ही कुजबुज चालूच राहील.

वेळेचं गणित सोपं आहे. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला. तो सोडून द्या. सिॲटलचे घरचे रात्रीचे सामने मात्र बहुधा तिथल्या पावणेसातच्या सुमारास, म्हणजे आपल्या सकाळी सव्वासातला सुरू होतात. चहाबरोबर पहिले तीन-चार डाव सहज होतील. दर वेळी सगळं बघायची गरज नाही, हंगाम १६२ सामन्यांचा आहे. सुरुवातीला चेंडूमागे धावू नका. रॅली कुठे बसतो, हातमोजा कुठे धरतो, आणि चेंडू आल्यावर तो हातमोजा हलतो की जागीच राहतो, एवढंच बघा. पडद्यावर दोन्ही संघांची उरलेली चॅलेंज दाखवतील, त्यावर एक डोळा ठेवा. आणि सातव्या डावाच्या सुमाराला लेकीचा फोन आला तर धावा विचारायच्या आधी विचारा, "आपली किती उरलीत?"